तार काढल्यावर

पहिल्याच कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान वळवून शिंकले. आत धूळ साचली असेल, असं वाटलं.

"धूळ नाही मॅडम, कागद," दारात उभे असलेले अण्णा म्हणाले. "द्राक्षाच्या पेटीत गंधकाचा कागद घालतात, बुरशी धरू नये म्हणून. त्याचा वास आहे हा. उद्यापर्यंत तुम्हालाही सवय होईल. इथं कुणाला येतच नाही आता."

अण्णा म्हणजे दिगंबर शिरोटे, त्या शीतगृहाचे मॅनेजर. तासगावच्या पुढं, माळावर, द्राक्षबागांच्या मधोमध पत्र्याची लांबच लांब इमारत होती. पुढच्या भागात पेट्या भरायचं सभागृह, मग एक मोठं सरकतं दार, दारापलीकडं थंड खोल्या आणि सगळ्यात मागं यंत्रघर. या खोल्या थंड राहतात त्या अमोनिया वायूवर. हे मला तेव्हा पुस्तकापुरतंच ठाऊक होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मिरजेत कॉम्प्युटरच्या एका लहान दुकानात नोकरी करत होते. जुनी विंडोज आता कायमची बंद होणार, अशी त्या वर्षी सगळीकडे हाकाटी उठली होती. त्यात या शीतगृहाचा माल परदेशी जायचा आणि खरेदीदाराची माणसं तपासणीला येणार होती. जुन्या विंडोजवर चालणारा एकही कॉम्प्युटर दिसता कामा नये, ही त्यांची अट. आमच्या मालकांनी सीड्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वैजयंती, आठवडाभर तिकडंच जा."

अण्णा माणूस मोठा जिव्हाळ्याचा. पन्नाशीचे, अंगानं बारीक, खांद्यावर कायम एक टॉवेल. मी परगावची म्हणून जेवणाचा डबा स्वतःच्या घरून आणायचे. दुपारी मात्र काहीही काम असलं तरी सायकलवर टांग टाकून घरी जायचे आणि घटकाभरानं परत यायचे. घरी आजारी माणूस आहे, एवढंच ते बोलले होते. मी जास्त विचारलं नाही.

ऑफिसातले कॉम्प्युटर झाले, वजनकाट्यावरचा झाला. राहिला तो एकच, वरच्या केबिनमधला. लोखंडी जिना चढून गेलं की ही काचेची केबिन लागायची. तिथून खालचं सगळं सभागृह दिसायचं. साठएक बायका ओळीनं बसून घड कातरायच्या, पेट्या भरायच्या, बोलायच्या, हसायच्या, मध्येच खोकायच्या.

केबिनमधला कॉम्प्युटर पिवळा पडलेला होता. पडद्यावर इमारतीचा नकाशा काढलेला आणि त्यावर ठिकठिकाणी हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्याशी एक आकडा. कुठल्या खोलीत हवेत किती वायू आहे, ते त्यावर दिसायचं. आकडा वाढला की ठिपका पिवळा व्हायचा, आणखी वाढला की लाल.

"याला हात लावायलाच हवा का?" अण्णांनी विचारलं.

"अटीत पहिलं नाव याचंच आहे, अण्णा."

"हा कधी नडला नाही हो. इतक्या वर्षांत एकदा ओरडला नाही."

"ओरडायला नको. पण उद्या बंद पडला तर दुरुस्त करणारा कुणी मिळणार नाही."

ते बराच वेळ त्या हिरव्या ठिपक्यांकडे बघत राहिले. "बरं," शेवटी म्हणाले. "पण दिसतो तसाच दिसू द्या. उगाच काही बदलू नका."

त्या म्हाताऱ्या यंत्रात नवीन विंडोज मावणारच नव्हती. म्हणून मी शेजारी नवीन कॉम्प्युटर मांडला. वायू मोजण्याच्या प्रोग्रामची एक जादा मूळ सीडी कपाटात होती, प्लास्टिकसुद्धा न फाडलेली. ती चढवली. मग जुन्या यंत्रामागची करडी तार काढून नव्याला लावली.

नकाशा उमटला. तसाच नकाशा, तेच ठिपके. फक्त आकडे हलत होते. चार, पाच, पुन्हा चार, सहा. माणूस श्वास घेतो तसे वर-खाली होत होते. जुन्या पडद्यावर ते इतके स्थिर होते, की हे बघून मला आधी गंमत वाटली. मग नजर सरकत्या दाराजवळच्या ठिपक्यावर गेली. तो पिवळा होता. मी बघत असतानाच तो लाल झाला आणि कॉम्प्युटर बारीक आवाजात टिवटिवायला लागला.

अण्णा चटकन पुढं आले. "आवाज बंद करा. आधी आवाज बंद करा!"

मी बंद केला.

"हा वाढला की छतावरचा भोंगा वाजायला हवा ना?" मी विचारलं. भिंतीवर भोंग्याचा खटका होता, पण त्याच्या तारा उपसून टोकांना काळी पट्टी गुंडाळलेली होती.

"भोंगा काढून ठेवलाय," अण्णा म्हणाले. "नवीन यंत्राला अजून काही कळत नाही. जुना लावा बघू परत."

मी तार जुन्याला लावली. सगळे ठिपके हिरवे. चार, चार, तीन. नव्याला लावली, तर दाराजवळ लाल.

"बघा! मी म्हटलं नव्हतं? नवीनच बिघडलेला आला."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. जे वर्षानुवर्षं नीट चालतं, ते आपण हात लावला की बिघडतं, हा आमच्या धंद्यातला रोजचाच अनुभव. मी तार पुन्हा जुन्याला जोडली, नव्याची जोडणी तपासली, काही सापडेना. मग तारेचं टोकच खराब असेल म्हणून ते जुन्यातून उपसलं आणि टॉर्चच्या उजेडात त्यातल्या सुया बघू लागले. सुया सरळ होत्या. मी मान वर केली.

जुन्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. चार, चार, तीन.

एखाद्या वेळी पडदा बदलायला वेळ लागतो. मी थांबले. खाली कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. ठिपके हिरवेच राहिले.

"अण्णा," मी म्हणाले, "तार माझ्या हातात आहे."

ते बघायला आले नाहीत. जागचे हललेही नाहीत. त्यावरूनच मला कळलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

ते स्टुलावर बसले. खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला आणि खाली बायकांकडे बघत बोलू लागले.

"सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच हंगाम होता. माझी बायको, मालन, इथंच होती देखरेखीला. दुपारी भोंगा झाला. बायका उठल्या आणि सुटल्या वाट फुटेल तिकडं. माल चढवायचा ओटा आहे ना पलीकडं, पुरुषभर उंचीचा, तिथून मालन खाली पडली. तिच्या अंगावर आणखी चारपाच जणी. कंबर गेली तिची. तेव्हापासून खाटेवर आहे."

मी भिंतीवरच्या तोडलेल्या तारांकडं पाहिलं.

"तपासणीला माणसं आली. म्हणाली, वायूबियू काही नव्हता, मोजणाऱ्या यंत्रात पाणी शिरलं होतं, म्हणून भोंगा वाजला. म्हणजे खोटा, मॅडम! खोट्या भोंग्यानं माझं माणूस मोडलं. पुढं महिन्याभरात आणखी दोनदा वाजला. त्याही वेळी बायका धावल्या. मग मी एका ओळखीच्या प्रोग्रामरला बोलावलं आणि याचं तोंड बंद केलं. काही झालं तरी हिरवंच दाखवायचं, असं करून घेतलं. भोंगाही तोडला. त्या दिवसापासून या इमारतीत एक माणूस पडलेलं नाही."

"पण अण्णा, आज तो खरं सांगत असेल तर?"

"सहा वर्षांत काही झालं का?"

"डोळ्यांत पाणी येतंय सगळ्यांच्या."

"कागद आहे तो." ते उठले. माझ्या हातातून तार काढून घेतली, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातून काढावी तशी, आणि जुन्या यंत्राला जोडली. "तपासणी होऊ दे. मग हंगाम संपल्यावर निवांत बघू. तुम्ही मला लेकीसारख्या. जा, जेवून या."

मग त्यांनी फोन उचलला. यंत्रघरात इलाही मुलाणी असायचा. "इलाही, संध्याकाळी दोन कंटेनर जायचेत. तिसरं यंत्रपण चालू कर. पूर्ण जोरात."

थोड्या वेळानं पायाखालची फरशी थरथरू लागली. जुन्या पडद्यावर चार, चार, तीन.

मी जिना उतरले. कुणाला सांगायचं? आमच्या मालकांना फोन लावला, तर ते म्हणाले, "मॅनेजर सांगतोय तसं कर, आपलं काम कॉम्प्युटरचं." सरकत्या दाराजवळ गेले आणि डोळ्यांची आग आग झाली. दाराच्या वर, जाड आवरण घातलेल्या पाईपवर पांढरं काहीतरी जमलं होतं. ते नुसतं बर्फ आहे की आणखी काही, हे मला ओळखता येत नव्हतं.

बायकांच्या मुकादम होत्या शेवंताक्का. साठीच्या, आडव्या बांध्याच्या, आवाज असा की यंत्रावरून ऐकू जायचा. मी त्यांच्याशेजारी उकिडवी बसले.

"आक्का, डोळे चुरचुरतात का हो?"

"परवापासनं चुरचुरत्यात. कागद वाईट आलाय औंदा."

"कागदाचं नसेल तर?"

त्यांची कात्री थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सरकत्या दाराकडं, मग वर काचेच्या केबिनकडं. काचेमागं अण्णा उभे होते.

"तुझ्या त्या कापूटरनं सांगितलं व्हय?"

"नव्यानं सांगितलं. जुना खोटं बोलतोय."

"मग भोंगा का वाजंना?"

"तारा तोडल्यात."

"बरं झालं," शेवंताक्का म्हणाल्या. मी चमकले. "मालनीच्या वक्ताला मी हुतो हितं. भोंगा वाजला की बाई बाई राहत न्हाई, जनावर हुती. आता तू गप बस. तोंडावर काय दिसू देऊ नगं."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि टाळी वाजवली.

"ए, ऐका गं! फोटू काढाय मानसं आल्यात परदेशातनं. समद्या भाईर चिंचंखाली चला. पदर नीट घ्या. ए तारी, तोंड धू आधी! आन् पळायचं न्हाई कुनी. पळताना फोटू आला तर घरात लावशीला व्हय?"

हशा पिकला. कात्र्या खाली ठेवल्या गेल्या. कुणी केसांवरून हात फिरवला, कुणी नाकातली चमकी सरळ केली. बायका रांगेनं निघाल्या, एकमेकींना ढोसत, टोमणे मारत. एवढी हळू चालणारी रांग मी आयुष्यात पाहिली नाही. ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि मी दातांवर दात घट्ट दाबून उभी होते. शेवंताक्का दारात थांबून एकेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला बाहेर घालत होत्या. जणू लग्नाच्या पंगतीला पाहुण्या बसवतायत.

शेवटच्या चारपाच जणी राहिल्या असतील, तेवढ्यात अण्णा जिना उतरून आले. चेहरा लालबुंद.

"शेवंता! कुणाला विचारून उठवलंस? कंटेनर..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. सरकत्या दारापलीकडून शिट्टीसारखा आवाज आला. कुकरची शिट्टी थांबते. ही थांबेना. वाढतच गेली आणि मग धाडकन काहीतरी फुटल्यासारखं झालं. दाराच्या वरच्या फटीतून पांढरं धुकं छताला लागून आत सरकू लागलं.

श्वास घेतला आणि कुणीतरी घशात निखारा कोंबल्यासारखं झालं. शेवंताक्कांनी उरलेल्या बायकांना अक्षरशः बाहेर लोटलं आणि माझा दंड धरला. मी मागं वळून पाहिलं. अण्णा त्या धुक्याकडं बघत उभे होते. पळावं, ओरडावं, असं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. मग एकदम शुद्धीवर आल्यासारखे त्यांनी हाक मारली, "इलाही!"

इलाही मागच्या यंत्रघरात एकटाच होता. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल पाण्याच्या पिंपात बुडवला, तोंडाभोवती गुंडाळला आणि सरकत्या दाराकडं न जाता बाजूच्या बोळातून यंत्रघराकडं धावले.

बाहेर शेवंताक्कांनी मूठभर माती उचलून वाऱ्यावर सोडली. माती चिंचेकडं उडाली. "हितं न्हाई! समद्या बागंकडं! वाऱ्याच्या तोंडाला चला!" आता मात्र कुणी हसत नव्हतं. इमारतीच्या दारांतून पांढरे लोट निघत होते आणि आम्ही अध्येमध्ये खोकत, एकमेकींचे पदर धरून द्राक्षाच्या मांडवात उभ्या होतो.

इलाही आला तो खुरडत. बायकांनी त्याच्या तोंडावर घागरभर पाणी ओतलं. "अण्णा... वायूच्या कॉकवर," तो एवढंच म्हणाला. "मला भाईर ढकललं. म्हनले, मी बंद करतो."

शिट्टी वाजत राहिली. मग बारीक होत गेली. मग थांबली.

बऱ्याच वेळानं अण्णा दिसले. भिंतीला हात लावत, चाचपडत येत होते. सरळ पाण्याच्या हौदापाशी आले, गुडघ्यावर बसले आणि सगळं डोकं पाण्यात घातलं. शेवंताक्कांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांच्या पापण्या उघडत नव्हत्या.

"किती राहिल्या आत?" त्यांनी विचारलं.

"कुनी न्हाई, अण्णा. समद्या हैत."

"मोज परत."

शेवंताक्कांनी परत मोजलं, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं.

शीतगृह बंद झालं, चौकशी बसली. सगळ्या बायका वाचल्या, इलाहीही वाचला, पण त्याचा खोकला पुढं कधी गेला नाही. अण्णांनी चौकशीत काही लपवलं नाही. "यंत्राचं तोंड मी बंद केलं, भोंगा मी तोडला, कॉम्प्युटरवाल्या मुलीनं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही," असं त्यांनी स्वतः सांगितलं.

आंब्याचे दिवस सुरू झाले तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. न जाण्याची बरीच कारणं मी स्वतःला दिली होती. पण त्यांच्या घरचे डबे मी खाल्ले होते.

लहानसं कौलारू घर. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट आणि खाटेवर मालनकाकू. केस स्वच्छ विंचरलेले, मांडीवर मेथीची जुडी. शेजारीण स्वयंपाक करून गेली होती.

"तू वैजयंती," त्या म्हणाल्या. "ये. ते आत झोपलेत. एका डोळ्याला उजेड कळेल म्हणतात डॉक्टर, दुसऱ्याचं काही नाही."

मी खाटेच्या कडेशी बसले. त्या मेथी निवडत राहिल्या.

"तार तूच काढलीस ना?"

"हो, काकू."

"पाईप कुठं फुटला?"

"सरकत्या दाराच्या वर."

त्यांचे हात थांबले. आतल्या खोलीकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी पडले त्या दिवशी तिथंच वास आला होता."

मला आधी समजलंच नाही. "कुठल्या दिवशी?"

"सहा वर्षांपूर्वी. भोंगा व्हायच्या आधी. मी भोंग्याला भिऊन पळाले नव्हते, पोरी. ओट्याकडची दारं उघडायला धावले होते, वारा यावा म्हणून."

"म्हणजे भोंगा खोटा नव्हता?"

"नव्हता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"दवाखान्यात शुद्धीवर आले, तेव्हा ते उशाशी बसले होते. 'भोंगा खोटा होता मालन, खोटा होता,' एकच घोकत होते. तपासणीवाल्यांनीही तेच ठरवलेलं." त्यांनी एक काडी मोडली. "त्या दारावरचा पाईप बदलायला झालाय, हे आदल्या दिवशीच त्यांना कळलं होतं. हंगाम संपू दे म्हणून त्यांनीच पुढं ढकललं होतं. मी वासाचं सांगितलं असतं, तर माझ्या कंबरेचं पाप त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं असतं. जगले नसते गं ते. म्हटलं, धरू दे भोंग्यावर राग. भोंग्याला काय होतंय."

"आणि पाईप?"

"भोंगा खोटा म्हटल्यावर पाईप चांगलाच की. तो कशाला बदलतील?" त्यांचा आवाज एकदम घोगरा झाला. "त्यांनी यंत्राचं तोंड बंद केलं, ते मला आत्ता कळलं. माझं तोंड मी आधीच बंद केलं होतं."

आतल्या खोलीत खाट करकरली.

"मालन."

काकूंनी आतल्या दाराकडं पाहिलं.

"डोळे गेलेत माझे," आतून अण्णा म्हणाले. "कान नाहीत गेले."

मालनकाकूंच्या मांडीवरून मेथी खाली सांडली. त्यांना उठता येत नव्हतं. आत जाऊन त्यांचा हात धरावा, तर तेही शक्य नव्हतं. मग आतून पाय ओढल्याचा आवाज आला. अण्णा चौकटीला धरून दारात उभे राहिले. डोळ्यांवर पट्टी होती.

"पाईपचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच. आदल्या रात्री जेवताना."

त्यांनी चौकट सोडली. मग हात पुढं करत, भिंत चाचपत खाटेपाशी आले. मी उठून जागा दिली. ते काकूंच्या पायांशी बसले, ज्या पायांना त्यांचा स्पर्श कळत नव्हता, आणि त्यावर हात ठेवला.

"तेव्हाच सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"तेव्हा तुम्ही ऐकलं नसतं."

मालनकाकूंनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "पोरी, चहा टाकतेस का जरा? साखर वरच्या फळीवर आहे."

मी स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं, साखर शोधली. कान बाहेर लावून उभी होते. कुणी रडेल, कुणी ओरडेल, निदान कुणाचं नाव तरी घेईल, याची वाट बघत होते. चहा उकळून वर आला, उतू गेला. बाहेरून कसलाच आवाज आला नाही.